घरच्या चोर-अलार्मची बॅटरी: उन्हाळ्याआधी काय बघावं

लातूरी तार (धागाकर्ता)

एप्रिल लागला की मराठवाड्यात दोन गोष्टी सोबतच येतात. पारा चाळिशीच्या वर जातो आणि लग्नसराई-सुट्ट्यांमुळे घरं आठ-आठ दिवस कुलपात राहतात. चोर-अलार्मची खरी परीक्षा याच काळात होते, आणि त्यातला सगळ्यांत कच्चा दुवा म्हणजे पॅनेलच्या डब्यात तळाशी ठेवलेली १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) क्षमतेची सीलबंद बॅटरी. लाइन गेली, किंवा कुणी मीटरपाशी येऊन कटआउटच उपसला, की पुढचं सगळं तिच्यावर. म्हणून हा धागा मुख्यतः बॅटरीसाठी. सेन्सर, सिमकार्ड वगैरेबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी खाली भर घालावी.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पॅनेलवरचा हिरवा दिवा लाइन आहे एवढंच सांगतो. बॅटरी जोडलेली असताना मल्टिमीटर लावला आणि १३.७ व्होल्ट दिसले, तर तो आकडा चार्जरचा आहे. कामातून गेलेली बॅटरीसुद्धा लाइन चालू असेपर्यंत १३.६ दाखवू शकते. काही पॅनेल स्वतःहून बॅटरी तपासतात, पण ती तपासणी काही सेकंदांची असते. निम्मी मेलेली बॅटरी त्यात आरामात पास होते.

खरी तपासणी अशी. पॅनेल सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीची अवस्था, यात डबा उघडला तरी सायरन वाजत नाही) टाका, त्याचा मेन स्विच बंद करा आणि बॅटरीच्या वायरी काढा, आधी काळी, मग लाल. तीन-चार तास तशीच राहू द्या म्हणजे वरवरचा चार्ज उतरतो. मग व्होल्टेज घ्या. १२.८ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.५ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. भरलेली असेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट जोडा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. अर्ध्या तासानंतर बल्ब चालू असतानाच व्होल्टेज १२ च्या वर हवं. नवी बॅटरी हा बल्ब १०.५ व्होल्टला येईपर्यंत अंदाजे तीन तास ओढते. दोन तासांच्या आत तिथं आली तर बदलून टाका. १०.५ च्या खाली मात्र उतरवू नका आणि तपासणी झाली की त्याच दिवशी परत चार्जिंगला लावा. बल्ब चांगलाच तापतो, प्लॅस्टिकवर किंवा पडद्याजवळ ठेवू नका.

आता ऊन. या बॅटरीवर तीन ते पाच वर्षं लिहिलेलं असतं ते २०-२५ अंशांसाठी. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. पॅनेल जर पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर मे महिन्यात डब्याच्या आत ४५ च्या वर सहज जातं. शिवाय तापलेल्या बॅटरीला चार्जिंग व्होल्टेज कमी लागतं: १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्ट. म्हणजे २५ अंशांना १३.६५ ठीक असेल तर ४५ अंशांना १३.३ पुरे. स्वस्त पॅनेल हे कमी करत नाही, वर्षभर एकच व्होल्टेज देतं. मग आतलं पाणी वायू होऊन निघून जातं, प्लेटी कोरड्या पडतात आणि बॅटरी फुगते. डबा उघडल्यावर बॅटरीच्या दोन्ही बाजू बाहेर आलेल्या दिसल्या, झाकणाच्या कडेला बारीक चीर असली, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी धरली असली, तर मोजमापाची गरजच उरत नाही. ती लगेच काढा.

माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे ही बॅटरी दोन वर्षांनी बदलायची वस्तू समजावी. पॅनेल आतल्या, थंड भिंतीवर असेल तर तिसरं वर्षही निघतं, पण दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बल्ब लावून तपासूनच.

गोदाकाठ

छान धागा काढलात. बॅकअप किती तास मिळेल याचा हिशेब जोडतो, कारण बसवणारे "चोवीस तास चालतं" एवढंच सांगून जातात.

मधल्या आकाराच्या वायर्ड सिस्टिममध्ये पॅनेलचा बोर्ड ९० ते १०० मिलिअँपिअर, कीपॅड ५०, चार पीआयआर (हालचाल पकडणारे) सेन्सर प्रत्येकी १५ प्रमाणे ६०, जीएसएम मॉड्यूल (सिमवरून फोन लावणारा भाग) ४० धरा. एकूण २५०. सात भागिले पाव, कागदावर २८ तास. पण दोन उन्हाळे खाल्लेल्या बॅटरीत ६० टक्के उरलं असेल तर १६-१७ तासच. खेड्यात वादळाने तार तुटली तर लाइन यायला एवढा वेळ सहज लागतो.

सायरन बॅटरी खातो असं बऱ्याच जणांना वाटतं. १५ वॅटचा सायरन सव्वा अँपिअर ओढतो, पण पाच मिनिटांत त्याचा खर्च एएचच्या दहाव्या भागाएवढा. बॅटरी संपते ती चोवीस तास चालणाऱ्या छोट्या भारानं. सायरनचा त्रास वेगळा आहे. कमजोर बॅटरीवर सायरन सुरू झाला की व्होल्टेज एकदम ९ च्या खाली आपटतं, पॅनेल रीसेट होतं, सायरन थांबतो, व्होल्टेज वर येतं, पॅनेल परत सुरू होतं. बाहेरून ऐकू येतं ते फक्त तुटक "टुक... टुक". काही पॅनेल रीसेटनंतर डिसआर्म (पहारा बंद) अवस्थेत उठतात, म्हणजे घर उघडंच पडलं. म्हणून तपासताना लाइन बंद ठेवून सायरन अर्धा मिनिट वाजवून बघा, नुसता कीपॅडचा दिवा पाहून समाधान मानू नका. शेजाऱ्यांना आधी सांगा आणि दिवसाढवळ्या करा.

पैठणी काठ

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि अलार्मची पिन त्याच्याच बोर्डात आहे. मग आतली बॅटरी बदलायची खरंच गरज आहे का? खर्च टळेल का?

लातूरी तार

ताई, गरज आहे. इन्व्हर्टर लाइनच्या जाण्यायेण्यासाठी उपयोगी, चोरासाठी नाही. इन्व्हर्टर बहुतेक घरांत जिन्याखाली किंवा व्हरांड्यात उघड्यावर असतो आणि त्याचं बटण बंद करायला एक क्षण लागतो. आतली बॅटरी कुलूपबंद डब्यात असते, डबा उघडला की टॅम्पर स्विच बोंब मारतो.

पण पॅनेल इन्व्हर्टरवर ठेवलं ते चांगलंच, कारण आतली बॅटरी वारंवार उतरत नाही. एक बघा: इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर पॅनेलचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि जास्त तापतो. हात लावून बघा, चटका बसण्याइतका तापत असेल तर त्या जागी १२ व्होल्टच्या पॅनेलसाठी योग्य असा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) बसवून घ्या, किंवा साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल त्या लाइनवर घ्या.

बालाघाट

इन्व्हर्टरचा मुद्दा निघालाच आहे तर कमी व्होल्टेजबद्दल लिहितो. शेतवस्तीवर आणि गावाच्या टोकाच्या घरांत बॅटरी मरण्याचं हेच मोठं कारण आहे, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लाइन तर असते!

रब्बीत मोटारी चालू झाल्या की घरात १६० व्होल्ट येणं नवीन नाही. पॅनेलचा ट्रान्सफॉर्मर २३० ला १६ व्होल्ट एसी देतो. १६० ला तो ११ च देणार. डायोड ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारा भाग) त्याचे शिखराला १४ च्या आसपास होतात, त्यातून रिपल (डीसीत उरलेला चढउतार) आणि रेग्युलेटरचे दोन-अडीच व्होल्ट वजा केले की हातात ११-१२ उरतात. बॅटरीला चार्ज व्हायला १३.५ च्या वर हवेत. म्हणजे हिरवा दिवा जळतोय, पण बॅटरी चार्ज तर होत नाहीच, उलट पॅनेलचा भार तिच्यातूनच जातोय. असं महिनाभर चाललं की प्लेटींवर सल्फेटचा थर बसतो. तो घट्ट झाला की नंतर कितीही चार्ज करा, क्षमता परत येत नाही.

उपाय सोपा आहे. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस चार्जर लावा, तो १६० लाही १३.७ देतो. बसवल्यावर बॅटरी काढून त्याचं आउटपुट मोजा आणि बारक्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर (व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवून १३.५ ते १३.६ वर आणा. आपल्या उन्हात १३.८ नको. घरात रात्री आणि दिवसा किती व्होल्टेज येतं हे मात्र मल्टिमीटरने आठवडाभर बघून लिहून ठेवा, त्यावरून सगळा निर्णय लागतो.

दुसरा धोका उलटा. खांबावर न्यूट्रल तुटला की घरात ४०० च्या आसपास येतात. त्याच्यापुढे पॅनेलमधला एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) एका दमात जळतो आणि मागोमाग पॅनेल. यासाठी साधा सर्ज प्रोटेक्टर पुरत नाही. मेन बोर्डात २७० च्या वर आणि १७० च्या खाली तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लागतो. मृगाच्या आधीच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांसाठी टाइप-२ चा एसपीडी (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) वेगळा, आणि तो चांगल्या अर्थिंगशिवाय शोभेचा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं विसरू नका, काळी जमीन वाळून भेगाळली की अर्थ सुटतो.

रझाकारी वाडा

@बालाघाट दादा, रिले १७० ला तोडणार आणि आमच्याकडे १६० च येतात. मग पॅनेल रात्रभर बॅटरीवर राहील की.

बालाघाट

बरोबर पकडलंत. तुमच्या ठिकाणी रिलेची खालची मर्यादा बदलता येणारा घ्या आणि ती १३० वर ठेवा. एसएमपीएसला कमी व्होल्टेजने काही होत नाही, वरची मर्यादा तेवढी २६५-२७० लाच ठेवा. फ्रिजसाठी मात्र वेगळा स्टॅबिलायझर हवा, त्याला १३० चालत नाहीत.

माळवद

पीआयआर सेन्सरबद्दल मराठवाड्यासाठी खास मुद्दा. हा सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक पकडतो. मे महिन्यात बंद घराच्या भिंती रात्रीही ३५-३६ अंशांवर असतात आणि माणसाच्या कपड्यांचं-कातडीचं तापमानही तेवढंच. फरकच उरत नाही. जानेवारीत १२ मीटरवरून पकडणारा सेन्सर तेव्हा चार-पाच मीटरवर येऊ शकतो. तापमान भरपाई असलेला सेन्सर घेतला तर बराच फरक पडतो, मायक्रोवेव्ह (रेडिओ लहरींनीही हालचाल पकडणाऱ्या) जोडीचा घेतला तर अजून, पण उन्हाळ्यात मुख्य भरवसा दाराखिडक्यांच्या मॅग्नेटवर ठेवा आणि वॉक टेस्ट (समोरून चालून सेन्सर पकडतो का ते बघणं) सकाळी गारव्यात न करता दुपारी चारला करा.

चुकीचे अलार्म येतात त्याची कारणं बहुतेक घरांत तीच. कूलरची हवा आणि तिने हलणारा पडदा सेन्सरच्या समोर. पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन. आणि पाल! ट्यूबलाइटच्या किड्यांमागे आलेली पाल लेन्सवर बसली की सेन्सरला ती मांजराएवढी दिसते. सेन्सर ट्यूबपासून लांब, २.१ ते २.४ मीटर उंचीवर, कोपऱ्यात असा लावा की येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. थेट त्याच्याकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. मागचं वायरीचं भोक सिलिकॉनने बुजवा, मुंग्या आणि कोळी तिथूनच आत शिरतात. लेन्स ओल्या मऊ फडक्याने पुसा, थिनर किंवा फिनेल लावलं की ती धुरकट होते.

लोखंडी दारावर मॅग्नेट थेट ठोकू नका. लोखंड त्याचा जोर खातं. मध्ये अर्ध्या इंचाची लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी द्या. जुन्या सागवानी कवाडांचं पावसाळ्यात उलटं होतं: लाकूड फुगतं, दार पूर्ण बसत नाही आणि फट वाढून झोन (पॅनेलला जोडलेली सेन्सरची एक लाइन) उघडा दाखवतो. बंद दारात फट एक सेंटिमीटरच्या आत ठेवली की ही कटकट राहत नाही. शटरला साधा मॅग्नेट चालत नाही, जड शटर मॅग्नेटच लावा.

दगड-मातीच्या तीन फुटी भिंतींचं घर असेल तर ४३३ मेगाहर्ट्झचे वायरलेस सेन्सर मागच्या खोलीतून पॅनेलपर्यंत पोचतीलच असं नाही. खरेदी करण्याआधी एक सेन्सर हातात घेऊन प्रत्येक खोलीतून दाबून बघा. अशा घरांत वायर ओढणंच बरं.

काळी माती

वायर्ड झोनसाठी एक पुरवणी. प्रत्येक झोनच्या शेवटी जो छोटा रेझिस्टर असतो (पॅनेलप्रमाणे २.२ के, ४.७ के, ५.६ के, १० के काहीही), तो सेन्सरच्या टोकाला हवा. बरेच बसवणारे सोपं पडतं म्हणून पॅनेलच्या डब्यातच ठोकतात. मग वायर मध्ये कुठं उंदराने कुरतडून शॉर्ट झाली तरी पॅनेलला पत्ता लागत नाही. डबा उघडून बघा, रंगीत पट्ट्यांचे पाच-सहा रेझिस्टर टर्मिनललाच लटकत असतील तर माणूस परत बोलवा.

सिमकार्डचं. टू-जीवर चालणाऱ्या जीएसएम पॅनेलमध्ये जिओचं सिम चालत नाही, त्यांचं टू-जी नेटवर्कच नाही. ज्या कंपनीचं टू-जी तुमच्या गल्लीत पकडतं ते टाका, नाहीतर फोर-जी पॅनेल घ्या. सिमची वैधता संपलेली असणं हे अलार्म "मुका" होण्याचं फार मोठं कारण आहे. सायरन वाजतो, फोन येत नाही. महिन्यातून एकदा पॅनेलवरून टेस्ट कॉल लावा. नंबर घरातल्या सगळ्यांचे टाकू नका, कारण लग्नाला सगळे सोबतच असता. पहिला शेजाऱ्याचा टाका. ११२ हा नंबर ऑटो-डायलला मुळीच लावू नका. शेजाऱ्याने बघून, माणसाने बोलून ११२ ला कळवावं.

पैठणी काठ

खूप उपयोगी माहिती. आता बॅटरी बदलण्याची नेमकी रीत कुणी सांगेल का? दुकानातून आणून आम्हीच बसवू म्हणतो.

गोदाकाठ

ताई, जमण्यासारखं आहे. फक्त डब्यात २३० व्होल्टची पट्टी उघडी असते हे डोक्यात ठेवून करायचं.

आणताना १२ व्होल्ट ७ एएचचीच आणा. माप १५१ गुणिले ६५ गुणिले ९४ मिलिमीटर असतं, म्हणजे डब्यात बसेल. टर्मिनलची पट्टी दोन रुंदींत येते, ४.७५ आणि ६.३५ मिलिमीटर. जुनीची मोजून न्या. अरुंद पट्टीवर रुंद क्लिप सैल बसते आणि महिन्याभरात ठिणगी पडून काळी होते. बॅटरीवर छापलेली उत्पादनाची तारीख बघा. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत असते, उन्हातल्या गोदामात तर फार लवकर. सहा महिन्यांपेक्षा जुनी नको, आणि दुकानातच मीटर लावायला सांगा. १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

घरी आल्यावर पॅनेल डिसआर्म करून सर्व्हिस मोडला टाका, नाहीतर डबा उघडताच टॅम्परने सायरन वाजेल. मग पॅनेलचा मेन स्विच बंद. स्विचवर भरवसा न ठेवता टेस्टर लावून खात्री करा. जुन्या बॅटरीचा फोटो काढा. काळी काढा, मग लाल. नवीला लाल आधी, मग काळी. क्लिप सैल वाटली तर पक्कडीने हलकीच दाबून घ्या. बॅटरी उभी ठेवा आणि भिंतीच्या बाजूला बोटभर जागा सोडा. मेन चालू करा.

सेटिंग पुसलं जाईल ही भीती नको, कोड आणि झोन कायमस्वरूपी मेमरीत असतात. घड्याळ तेवढं लावावं लागेल. बरीच पॅनेल नुसत्या बॅटरीवर उठत नाहीत, लाइन आल्यावरच सुरू होतात. ती बॅटरीची खोट नाही. लाल-काळी उलट लागली तर बॅटरीचा काचेचा फ्यूज उडेल. तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला, त्यात तार गुंडाळू नका. पॅनेलचा चार्जर साडेतीनशे मिलिअँपिअरचा असतो, म्हणून पूर्ण भरायला एक दिवस-रात्र द्या आणि त्यानंतर लाइन बंद करून सायरनची तपासणी करा.

रझाकारी वाडा

हल्ली दुकानदार लिथियम घ्या म्हणतात, उन्हात टिकते म्हणे. चालेल का याच डब्यात?

लातूरी तार

कुठली लिथियम ते बघा अण्णा. १२.८ व्होल्टची, एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटची, आत बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) असलेली बॅटरी १३.६-१३.७ च्या चार्जरवर चालू शकते. पूर्ण शंभर टक्के भरत नाही, पण बरीच भरते, आणि उन्हात शिशाच्या बॅटरीपेक्षा जास्त तग धरते. अडचण दोन ठिकाणी. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम पडतं, त्यामुळे पॅनेलचा "लो बॅटरी" इशारा फार उशिरा येतो. आणि बीएमएसने एकदा तोडलं की काही पॅनेलच्या चार्जरने ती परत जागी होत नाही. पॅनेलच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तरच घ्या.

११.१ व्होल्टची, तीन सेलची लिथियम-आयन मात्र चुकूनही लावू नका. तिची कमाल मर्यादा १२.६ आहे आणि पॅनेल १३.७ देतं. आगीचा सरळ धोका आहे.

काळी माती

एक राहिलं. बाहेरच्या सायरनच्या डब्यात बऱ्याचदा स्वतःची छोटी बॅटरी असते, १.२ एएचची सीलबंद किंवा निकेलची. ती भर उन्हात भिंतीवर असते, त्यामुळे पॅनेलच्या आधी मरते. पॅनेलकडून आलेली वायर कापली तरी वाजत राहावं म्हणून ती असते, आणि तपासायची रीतही तीच: सर्व्हिस मोड न लावता पॅनेलची लाइन आणि बॅटरी दोन्ही काढा. बाहेरचा सायरन आपोआप वाजायला हवा. गप्प राहिला तर त्याची बॅटरी गेली. शिडी लावून काम आहे, सकाळी लवकर करा.

वायरलेस सेन्सरच्या बॅटऱ्यांत २३ए, सीआर२०३२, सीआर१२३ए असे प्रकार येतात. सगळ्या सोबतच बदला आणि आत झाकणावर तारीख लिहा. २३ए अल्कलाइन असते, उन्हात पाझरून आतली स्प्रिंग खाते, तिला वर्षभरापेक्षा जास्त ठेवू नका.

जुनी शिशाची बॅटरी घरी फोडू नका की फेरीच्या भंगारात घालू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि बॅटरीचे दुकानदार नवी देताना जुनी वजनावर घेऊन पैसे वजा करतात. न्यायच्या आधी दोन्ही टर्मिनलवर चिकटपट्टी लावा, पिशवीत किल्ल्या-नाण्यांना टेकून शॉर्ट झाली तर पिशवी पेटते.